काकू, अपडेट करा, पण आधी तारीख बघा आणि रविवारची दुपार धरा

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी भांडुपला राहते, घरून डबे देते, पोळीभाजीचं काम आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि पैसे जीपेवर. फोन २०२१ च्या दिवाळीत मुलाने घेऊन दिला, अँड्रॉइड आहे, १४-१५ हजाराचा. गेले कित्येक महिने वर 'सिस्टिम अपडेट' असं येतंय आणि मी ते सरकवून टाकते, कारण भाचा म्हणतो मामी अजिबात करू नकोस, कंपन्या मुद्दाम फोन स्लो करतात म्हणजे नवीन घ्यावा लागतो. शेजारणीच्या फोनवर अपडेट केल्यावर उभी हिरवी रेघ आली ती गेलीच नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई आत्ताच्या आत्ता कर. स्टेशनजवळचा मोबाईलवाला म्हणतो ५०० द्या, सॉफ्टवेअर मारून देतो. त्यात परवा एक मेसेज आला की तुमचा फोन असुरक्षित झालाय, खालची फाईल टाकून अपडेट करा. कुणाचं ऐकू? फोन बंद पडला तर माझा धंदाच बंद. – डबेवाल्या काकू, भांडुप"

काकू, नमस्कार.

पाच जण आणि पाच तऱ्हा, डोकं फिरणारच. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. अपडेट करा. मोबाईलवाल्याला ५०० देऊ नका. मेसेजमधल्या फाईलला हात लावू नका, ती अजून फोनमध्ये असेल तर हे वाचायचं थांबवा आणि आधी डिलीट करून या. आणि भाच्याला ओरडू नका, तो अगदीच हवेत बोलत नाहीये.

भाच्याचंच आधी घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतः मान्य केलं की जुन्या आयफोनची बॅटरी कमजोर झाली असेल तर आमचं सॉफ्टवेअर फोनचा वेग कमी करतं. त्यांचं म्हणणं, बॅटरी थकली की फोन मध्येच बंद पडतो, तो पडू नये म्हणून केलं. कारण खोटं नव्हतं पण गिऱ्हाईकाला सांगितलं नव्हतं ना, आणि लोक बिचारे बॅटरी बदलायची सोडून नवे फोन घेत बसले. मग २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी युरो दंड ठोकला आणि त्याच दिवशी सॅमसंगलाही ५० लाख युरो, कारण गॅलेक्सी नोट ४ या फोनवाल्यांना त्यांनी असं अपडेट घ्यायला लावलं जे त्या फोनला झेपत नव्हतं. म्हणजे भाच्याने कुठेतरी हे वाचलंय किंवा कुणीतरी त्याला सांगितलंय आणि ते खरं आहे.

पण तो सगळी अपडेटं एकाच माळेचे मणी धरून चाललाय, तिथे गडबड आहे. तुमच्या फोनवर जे 'सिस्टिम अपडेट' येतं ते दोन प्रकारचं असतं. एक मोठं, साधारण वर्षातून एकदा, म्हणजे अँड्रॉइड ११ चं १२ होतं, १२ चं १३ होतं, त्यात आयकॉन बदलतात, सेटिंग्जची जागा बदलते, दोन दिवस स्वतःचाच फोन परका वाटतो, आणि हो, तीन-चार जीबी रॅमच्या जुन्या फोनला ते कधीकधी खरंच जड जातं. दुसरं छोटं, दर एक-दोन-तीन महिन्यांनी येणारं, काहीशे एमबीचं, जे टाकल्यावर तुम्हाला काहीसुद्धा बदललेलं दिसत नाही आणि मग लोक म्हणतात एवढा डेटा घालवून मिळालं काय. त्याला सिक्युरिटी पॅच म्हणतात. नवीन काही द्यायला तो येतच नाही, आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं बुजवायला येतो. भाच्याची भीती पहिल्या प्रकाराबद्दल आहे आणि तुम्ही त्या भीतीपायी दुसरा प्रकारही महिनोन्‌महिने सरकवत बसलायत.

भोकं म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे बरेच जण म्हणतात की माझ्या फोनमध्ये आहेच काय चोरण्यासारखं. गुगल अँड्रॉइडमधल्या चुकांचं एक पत्रक काढतं, ऑगस्ट २०१५ पासून, आणि ते कुणालाही वाचता येतं. आता समजा तुमच्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली की अमुक कंपनीचं कुलूप साध्या पिनेने उघडतं, सगळ्यांनी बदलून घ्या, तर ती नोटीस जशी सेक्रेटरी वाचतो तशी चोरही वाचतो, आणि ज्याने कुलूप बदललं नाही त्याचं दार आता आधीपेक्षा जास्त धोक्यात आलं. म्हणून "इतके दिवस काही झालं नाही" याला फारसा अर्थ नाही.

हे पत्रक सुरू व्हायलाही कारण घडलं होतं. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाचं एक भोक बाहेर आलं, ज्यात नुसता एक बनावट व्हिडिओवाला एमएमएस आला तरी फोनमध्ये शिरता येत होतं, काही फोनवर तर तो उघडायचीही गरज नव्हती. शोधणाऱ्यांचा अंदाज होता की ९५ कोटी फोन त्यात येतात. तोपर्यंत अँड्रॉइडला ठरावीक वेळेला दुरुस्ती पाठवायची पद्धतच नव्हती. दुसरं उदाहरण मला लोकलमध्ये हटकून आठवतं. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्लूबॉर्न म्हणून ब्लूटूथमधली भोकं जाहीर झाली, पेअर करायला नको, काही दाबायला नको, ब्लूटूथ चालू असलं आणि समोरचा दहाएक मीटरच्या आत असला की पुरे. आता सकाळच्या कल्याण फास्टचा एक डबा डोळ्यासमोर आणा, निम्म्या लोकांच्या कानात वायरलेस इअरफोन, सगळ्यांचं ब्लूटूथ चालू, आणि दहा मीटरमध्ये किती माणसं मावतात ते मुंबईकराला सांगायला नको. त्याची दुरुस्ती त्याच महिन्याच्या पॅचमध्ये आली. ज्यांनी घेतला ते सुटले, ज्यांच्या फोनला तो आलाच नाही ते तसेच फिरत राहिले.

मी असं म्हणत नाहीये बरंका की लोकलमध्ये असे पैसे चोरले जातात. खरं सांगायचं तर आपल्याकडे सामान्य माणसाचे पैसे जातात ते बहुतेक वेळा फसवून जातात, भोकातून नाही. आणि इथेच तुमच्या त्या मेसेजकडे यायचं. ती फाईल होती ना, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असं असेल. एपीके म्हणजे अख्खं ॲप, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं. कधी ते आरटीओचं चलन म्हणून येतं, कधी लग्नाची पत्रिका म्हणून, कधी गॅसचं बिल थकलंय आज रात्री कनेक्शन कापणार म्हणून, आणि तुमच्याकडे आलं ते फोन अपडेट म्हणून. टाकलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाव' दाबतो, आणि मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी तिकडे पोचतो. फोनचं अपडेट व्हॉट्सॲपवर येत नाही, एसएमएसच्या लिंकने येत नाही, कुणी फोन करून देत नाही, एखादी वेबसाईट लाल अक्षरात व्हायरस व्हायरस ओरडत असली तरी तिथून येत नाही. ते सेटिंग्जच्या आतच येतं. नोटिफिकेशन खरं की खोटं कळत नसेल तर त्यावर दाबायचंच नाही, स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन 'सॉफ्टवेअर अपडेट' उघडायचं, खरं असेल तर तिथे दिसेलच.

फसवणुकीच्या बाबतीत अपडेटचा उपयोग नाही असं मात्र समजू नका, आणि ही गोष्ट फार कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं त्यात अशी सोय केली की बाहेरून आलेल्या एपीकेने 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागितली, जिच्या जोरावर ते तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं, तर फोन ती सहजासहजी देतच नाही, मध्ये आडवा येतो. आडवा आला तरी चिवट चोर तुम्हाला फोनवर बोलता बोलता वळसा घालून तिथवर नेतो ते वेगळं, पण तेवढ्या वेळात माणसाला शंका येते, आणि शंका आली की निम्मं काम झालं. म्हणजे ज्या मोठ्या अपडेटला भाचा शिव्या घालतोय त्यातही घेण्यासारखं आहे. चुकून अशी फाईल कधी टाकली गेलीच तर आधी फोनचं नेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि १९३० ला कॉल करायचा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. लाजत बसायचं नाही, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे ती तारीख. तुम्ही मॉडेल लिहिलं नाहीत, पण त्याने फार अडत नाही. सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन', त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन', तिथे 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि पुढे तारीख. नाही सापडलं तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये सिक्युरिटी टाइप करा. ही तारीख बहुधा कुठल्या तरी महिन्याची १ किंवा ५ असते, कारण पॅच त्याच दोन तारखांच्या नावाने निघतात. तुमची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तर रविवारी सगळी थकलेली अपडेटं घेऊन टाका, एक झालं की कधीकधी लगेच दुसरं येतं, मग तिसरं, 'तुमचा फोन अप टू डेट आहे' असं येईपर्यंत घेत जा, आणि ते आलं की पुन्हा जाऊन तारीख बघा.

पुन्हा का? कारण 'अप टू डेट' या वाक्यावर भल्याभल्यांचा विश्वास बसतो आणि त्याचा खरा अर्थ एवढाच की कंपनीकडे तुमच्या मॉडेलसाठी देण्यासारखं आणखी काही नाही. कंपनीने दोन वर्षांपूर्वी तुमच्या मॉडेलचा हात सोडला असेल तरी फोन मात्र बिनदिक्कत सांगतो, सगळं अप टू डेट. तेव्हाच्या १४-१५ हजाराच्या फोनांना साधारण दोन-तीन वर्षंच पॅच मिळायचे, त्यामुळे तुमच्याही बाबतीत ते संपले असण्याची शक्यता बरीच आहे. गुगलने दुरुस्ती काढली तरी ती थेट तुमच्यापर्यंत येत नाही, आधी चिपवाली कंपनी, मग फोनवाली कंपनी ती आपल्या मॉडेलला बसवून बघते, तेव्हा कुठे तुमच्याकडे. स्वस्तातल्या मॉडेलसाठी एवढा खटाटोप फार वर्षं कुणी करत नाही. एक-दोन महिने मागे असलात तर काही बिघडत नाही, हल्ली गुगलही मोठ्या दुरुस्त्या तीन-तीन महिन्यांनी एकदम काढतं. सहा महिने मागे असलात तर सावध. आणि सगळी अपडेटं घेऊनसुद्धा तारीख वर्षाहून जुनी असेल तर हा फोन पैशांच्या कामाला म्हातारा झाला असं समजायचं, त्यावर पुढे सांगतो.

रविवार का, तर तुम्हाला त्या दिवशी डबे नसतील असं मी धरून चाललोय, असतील तर जी दुपार रिकामी असेल ती घ्या. गणपतीच्या आठवड्यात मोदकांच्या ऑर्डरी असताना मात्र हात लावू नका. आदल्या दिवशी जागा करून ठेवा. अपडेटला काही जीबी रिकामी लागते आणि तुमचा फोन भरलेला असणार हे मी न बघता सांगतो, कारण डब्याच्या ग्रुपवर रोज पन्नास जण गुड मॉर्निंग टाकतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज', तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्लीय ते उतरत्या क्रमाने दिसतं, फुलांचे फोटो आणि फॉरवर्डचे व्हिडिओ निवडून उडवा. बऱ्याचदा फोन स्लो असतो तो या भरलेल्या जागेमुळे आणि नाव अपडेटचं बदनाम होतं. मग व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, गिऱ्हाइकांचे नंबर गुगल अकाउंटला सेव्ह आहेत ना ते बघा, उद्या फोन पाण्यात पडला तरी तेच कामाला येतं. मंथली हिशोब व्हॉट्सॲपमध्येच स्वतःला पाठवून ठेवत असाल तर तो एकदा वहीत उतरवा.

नेट घरचं वायफाय असेल तर उत्तम, नाहीतर शेजारचं मागा. दीड जीबी रोजच्या पॅकवर मोठं अपडेट अर्ध्यात लटकेल. स्टेशनच्या फुकट वायफायवर करू नका, धोका आहे म्हणून नव्हे, अपडेटची फाईल सहीबंद असते आणि मध्ये कुणी छेडछाड केली तर फोन ती घेतच नाही, पण हिशोब बसत नाही. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं स्टेशनवरचं वायफाय दिवसाला अर्धा तास फुकट देतं, १ एमबीपीएस वेगाने, म्हणजे पूर्ण वेग मिळाला तरी जास्तीत जास्त सव्वादोनशे एमबी. जानेवारी २०१६ ला मुंबई सेंट्रलला ते गुगलच्या मदतीने सुरू झालं तेव्हा लोक मुद्दाम स्टेशनवर जाऊन सिनेमे उतरवायचे, ते दिवस गेले.

चार्जिंग निम्म्याच्या वर ठेवा आणि चार्जर लावूनच करा. बऱ्याच नव्या फोनमध्ये अपडेट मागच्या मागे बसतं आणि शेवटी फक्त रिस्टार्ट होतो, काही जुन्यांमध्ये मात्र वीस मिनिटं, अर्धा तास स्क्रीनवर नुसता टक्का सरकत राहतो. तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही, फोन खरंच मरतो तो या घाईने. आणि तेवढ्या वेळात पैसे यायचे थांबत नाहीत हं, भिंतीवरचा क्यूआर हा खात्याशी जोडलेला आहे, तुमचा फोन बंद असला तरी गिऱ्हाईकाचे पैसे खात्यात जातात, आणि पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स घेतला असेल तर त्यात त्याचं स्वतःचं सिम असतं, तो बोलत राहतो.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. फोन रिस्टार्ट झाला की पहिल्यांदा बोट चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच मागतो. रोज बोट लावून उघडणाऱ्यांना पिन आठवतच नाही आणि मग दुकानात जाऊन फोन फॉरमॅट करून येतात, सगळे फोटो गेले म्हणून रडतात आणि शेवटी खापर अपडेटवरच फुटतं. शनिवारीच एकदा पिन टाकून बघा. आणि रात्री आपोआप अपडेट होऊ द्यायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या पिन टाका, कारण तो टाकेपर्यंत व्हॉट्सॲपचे मेसेज आत येत नाहीत, साधे कॉल येतात, आणि पहाटे पाचला कुणी "आज दोन डबे जास्त" लिहून बसला असेल तर तुम्हाला ते कळणार नाही.

अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम होईल, बॅटरी भराभर उतरेल, ॲप उघडायला वेळ लागेल. आतमध्ये तो सगळी ॲप नव्या सिस्टिमला जुळवून घेत असतो. पहिल्याच संध्याकाळी "बघ मी म्हणालो होतो ना" असं भाचा म्हणेल, त्याला बुधवारपर्यंत थांब म्हणा. बुधवारनंतरही रखडत असेल तर मग त्याचं म्हणणं खरं, त्या फोनला ते व्हर्जन जड गेलं, आणि बहुतेक फोनमध्ये मागे जाता येत नाही हेही मी लपवत नाही. तरीही पैशांचा व्यवहार ज्या फोनवर आहे तो जरा हळू चालला तर चालेल पण उघडा नको, असं माझं मत आहे. छोटे पॅच नव्या व्हर्जनवरच येत राहतात, त्यामुळे मोठं टाळून फक्त छोटी घेईन असं सहसा करता येत नाही. फार तर एवढं करा, मोठं अपडेट आलं की आठवडा-दोन आठवडे थांबा, तुमच्याच मॉडेलवाले काय बोंब मारतायत ते मुलाला बघायला सांगा, शांतता असेल तर घ्या. छोटं आलं की त्याच रविवारी.

शेजारणीच्या रेघेचं. हे खोटं नाही, २०२३-२४ मध्ये आपल्याकडे बऱ्याच लोकांनी अशा तक्रारी केल्या. पण ही रेघ अमोलेड स्क्रीनच्या आतला बिघाड असते, सॉफ्टवेअर कितीही वेळा काढूनघालून ती जात नाही. आणि अपडेट न करताही कित्येकांना ती आलीय. तुमच्या किमतीच्या बऱ्याच फोनना तेव्हा साधी एलसीडी स्क्रीन होती, तशी असेल तर या भानगडीची फारशी काळजी नको, खोक्यावर लिहिलेलं असतं ते बघा. शेजारणीला सांगा, गल्लीतल्या दुकानात स्क्रीन बदलायच्या आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांना वॉरंटी संपल्यावरही फुकट स्क्रीन बदलून दिलीय. गल्लीत एकदा उघडलेला फोन मग ते घेत नाहीत.

५०० वाल्या माणसाचा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे, आणि चार्जिंगची पिन खराब झाली तर त्याच्याकडेच जायचंय. पण 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणजे फोन पुसून वरून नवीन फाईल टाकणं, त्यात तुमचं सगळं जातं, कुठली फाईल टाकली ते तुम्हाला कळत नाही, आणि वर फोनचा पिन त्याला सांगून तासभर फोन तिथे ठेवायचा, ज्यात तुमची बँक आहे. जे घरी फुकट होतं त्याला कशाला?

आता तारीख म्हातारी निघाली तर काय. लगेच नवा फोन घ्यायला धावू नका. 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' नावाची एक वेगळी ओळ सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये असते, अँड्रॉइड १० च्या पुढच्या फोनला त्यातून काही भागांच्या दुरुस्त्या थेट गुगलकडून येतात, कंपनीने सोडलं तरी. ती दाबा, प्ले स्टोअरमधून क्रोम, जीपे, व्हॉट्सॲप अपडेट ठेवा. आणि बचतीचं मोठं खातं त्या फोनवरून काढा. डब्याच्या पैशांसाठी वेगळं छोटं खातं असू द्या, जीपेला तेवढंच जोडा, दर शनिवारी बँकेत जाऊन किंवा मुलाकडून मोठ्या खात्यात वळवा. गेले तर आठवड्याचे जातील, वर्षाचे नाही. अशाने अजून एखादं वर्ष निघेल.

आणि पुढच्या दिवाळीला नवा घ्यायचाच झाला तर कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारायच्या आधी दुकानदाराला विचारा, याला सिक्युरिटी अपडेट कुठल्या वर्षापर्यंत. बहुतेकांना सांगता येत नाही, मुलाला कंपनीच्या वेबसाईटवर बघायला लावा. ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ या फोनपासून गुगल सात वर्षं देतंय, जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंग सात, आणि तुमच्या बजेटच्या जवळ यायचं तर सॅमसंगच्याच गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं सांगितलीयत. ही जाहिरात नाही, दुसऱ्या कंपन्याही आता वाढवतायत, फक्त आकडा विचारून घ्या. एक गोम आहे, ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये जो फोन अचानक चार हजाराने स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा दोन वर्षं जुनं मॉडेल असतं. आणि मनीष मार्केटमधून सेकंडहँड घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून सेटिंग्जमधली तारीख बघा आणि 'सॉफ्टवेअर अपडेट' दाबून बघा, फोन कंपनीच्या सर्व्हरशी नीट बोलतोय का. नाही बोलला तर आत काहीतरी उपटसुंभ सॉफ्टवेअर आहे, सोडून द्या.

जाता जाता एक, कारण तुम्ही माल आणायला दादरला जात असणार. ट्रेनच्या दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्यांच्या हातावर फटका मारून फोन पाडणारी पोरं तुम्हाला माहिती आहेतच. गुगलने २०२४ मध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' आणलं, फोन हातातून हिसकावून कुणी पळतंय असं त्याला जाणवलं की स्क्रीन आपोआप लॉक होते. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनना ते आहे, पण ते आपण चालू करावं लागतं. सेटिंग्जमध्ये 'गुगल' उघडा आणि 'थेफ्ट प्रोटेक्शन' शोधा, रविवारी अपडेट चालू असतानाच नाही, झाल्यावर. ते दिसलं नाही तर प्ले सिस्टिमवालं अपडेट राहिलंय का बघा, आणि तरीही नसेल तर तारीख आणि मॉडेल दोन्ही लिहून पाठवा, मग बघू काय करता येतं.